नर्मदेवरचे पाहुणे आणि कुमारांचा निर्णय

प्राण्यांवर प्रेम करावे, पक्ष्यांना दाणापाणी द्यावे, मुक्या जिवांना त्रास देऊ नये, ही शिकवण भारतीय घरांत मुलांना फार लहानपणीच मिळते. जेवणापूर्वी काढून ठेवलेला काकबळी, मुंग्यांच्या वारुळाशी टाकलेली साखर, दारी येणाऱ्या गाईसाठी राखलेला घास यांतून भूतदयेचा संस्कार नकळत रुजत असतो. हा संस्कार मोलाचा आहे यात शंका नाही. तथापि दया वाटणे आणि निर्णय घेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दया एका जिवाकडे पाहून क्षणात उपजते. निर्णय घेताना मात्र त्या जिवाबरोबर इतर अनेकांचा आणि आजच्याबरोबर उद्याचाही विचार करावा लागतो. वन्य जीवांच्या रक्षणाचे प्रश्न चौदा ते अठरा या वयात प्रथम खऱ्या अर्थाने समजू लागतात. त्याच वयात हा भेद मुलांच्या ध्यानी आला, तर पुढे नागरिक म्हणून त्यांच्यापुढे येणारे अरण्यांचे आणि नद्यांचे प्रश्न ती अधिक जबाबदारीने हाताळतील. असा भेद शिकण्यासाठी दूरच्या अरण्यात जावे लागत नाही. कित्येकदा तो गावाच्या घाटावरही शिकता येतो.

असाच एक घाट जबलपूरला आहे. शहराच्या दक्षिणेस, नर्मदेच्या तीरावर वसलेल्या ग्वारीघाटाला गौरीघाट असेही म्हणतात. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्याचे भाग होते. गोंदियाहून सातपुडा ओलांडून येणाऱ्या लहान रेल्वेच्या गाड्या अनेक दशके ग्वारीघाट स्थानकावरून जबलपुरात शिरत; आता तो मार्ग रुंद झाला आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे मराठी यात्रिक आजही या तीरावरून जातात. नदीच्या पात्रात उभे असलेले नर्मदामातेचे मंदिर, पैलतीरावरचा गुरुद्वारा, सायंकाळची आरती आणि पानांच्या द्रोणांतून प्रवाहावर सोडलेले दिवे यांमुळे घाटाला दिवसभर वर्दळ असते.

हिवाळा सुरू झाला की या वर्दळीत पांढऱ्या पक्ष्यांची भर पडते. नावा पात्रात शिरताच हे पक्षी थव्याथव्याने त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागतात. घाटावरचे विक्रेते शेवेच्या पुड्या विकतात, नावाडी विशिष्ट हाळी देऊन पक्ष्यांना जवळ बोलावतो आणि नावेतील माणसे मुठीमुठीने शेव उधळतात. पक्षी ती हवेतच अलगद टिपतात. मुलांना तर या खेळाचे फार आकर्षण असते. काही पावलांवर दुसरे कोणी माशांना कणकेच्या गोळ्या घालीत असते. या साऱ्यात क्रौर्याचा लवलेश नाही. उलट देणाऱ्याच्या मनात पुण्याची आणि आनंदाचीच भावना असते. म्हणूनच येथे उभा राहणारा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. या पक्ष्यांना शेव घालावी की घालू नये?

शिकाऱ्याने वाघ मारावा काय, असा प्रश्न वर्गात विचारला तर सर्व विद्यार्थी एकमुखाने नकार देतील. त्या नकारात निर्णय फारसा नसतो. ठरलेले उत्तर उच्चारलेले असते. कायद्यानेही तो प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निकालात काढला आहे. ग्वारीघाटावरचा प्रश्न तसा नाही. तेथे पक्ष्याचे हित आहे, नदीची स्वच्छता आहे, नावाड्याची आणि शेव विकणाऱ्याची रोजची मिळकत आहे, यात्रेकरूची श्रद्धा आहे आणि नावेत बसलेल्या मुलाचा निखळ आनंदही आहे. यांपैकी एकही गोष्ट क्षुद्र म्हणून बाजूस सारण्याजोगी नाही. जेथे दोन चांगल्या गोष्टींमध्ये ओढाताण होते, तेथेच निर्णयशक्तीची खरी कसोटी लागते.

प्रथम पक्ष्याचीच ओळख करून घ्यावी लागते. घाटावर यांना सर्रास सायबेरियन पक्षी म्हणतात. मराठीत या कुळाला कुरव असे नाव आहे. हिवाळ्यात भारतातील नद्यांवर, तलावांवर आणि समुद्रकिनाऱ्यांवर मुख्यतः काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव असे दोन कुरव आढळतात. मात्र ही नावे वाचून पाहणारा गोंधळतो, कारण त्या ऋतूत दोघांचीही डोकी पांढरी असतात आणि डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. डोक्याचा गडद रंग विणीच्या काळात येतो. तपकिरी डोक्याचा कुरव प्रामुख्याने मध्य आशियातील उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी वीण करतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा विणीचा प्रदेश युरोपपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंत पसरलेला आहे. म्हणजे सायबेरियन या सरसकट नावाचीही तपासणी करावी लागते. निर्णयाच्या वाटेवरचा पहिला धडा येथेच मिळतो. ज्याचे भले करायचे, तो कोण आहे, कोठून येतो आणि काय खातो, हे आधी पाहिले पाहिजे.

कुरव हे मिश्राहारी आहेत. लहान मासे, कीटक, कृमी, माणसाने टाकलेले खरकटे असे जे मिळेल ते ते खातात. या सवयीमुळेच माणसाने उधळलेली शेव त्यांना सहज मानवल्यासारखी दिसते. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर आहे. बेसनाच्या तळलेल्या शेवेत तेल आणि मीठ पुष्कळ. माशातून वा कीटकातून मिळणारे पोषण तीत नसते. वसंतात शेकडो कोस उडून जाऊन जिला वीण करायची आहे, त्या पाखराच्या दृष्टीने हा फरक नगण्य मानता येत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. मिठाने पक्षी मरतात, असे ठाम विधान पुष्कळदा केले जाते. कुरवांच्या डोळ्यांच्या वर, कपाळाशी, रक्तातील जादा मीठ वेगळे काढून नाकपुड्यांवाटे बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्यांना निसर्गाने दिलेली ही सोय आहे. तेव्हा चिमणीला किंवा कबुतराला जेवढे मीठ बाधेल, तेवढेच ते कुरवाला बाधेल असे गृहीत धरता येत नाही. याचा अर्थ शेव हितकर आहे असा नव्हे. अर्थ एवढाच, की योग्य बाजूने मांडलेला मुद्दासुद्धा तपासून घ्यावा लागतो. शेव घालू नये, या मताचा विद्यार्थी जर केवळ मिठाच्याच मुद्द्यावर विसंबला, तर जाणकार प्रतिपक्षी त्याला एका वाक्यात निरुत्तर करील.

अधिक बळकट मुद्दे वेगळे आहेत. एका जागी रोज अन्न मिळू लागले की पक्ष्यांची दाटी होते आणि दाटीत रोग फैलावणे सोपे होते. २०२० च्या डिसेंबरात आणि २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर पक्षिज्वराने हजारो स्थलांतरित पक्षी दगावले. त्यांत पट्टकादंब हंसांची संख्या सर्वांत मोठी होती. त्याच सुमारास मध्य प्रदेशात इंदूर व मंदसौर येथे मेलेल्या कावळ्यांतही तो रोग आढळला. युरोपात २०२३ साली याच रोगाने काळ्या डोक्याच्या कुरवांची मोठी हानी केली. या घटना पक्ष्यांना खाऊ घातल्यामुळे घडल्या असे नाही; परंतु गर्दी वाढविणाऱ्या प्रत्येक सवयीकडे त्यांनंतर अधिक काळजीने पाहणे प्राप्त आहे. शिवाय शेव संपली तरी तिची पुडी उरतेच, आणि ती वाऱ्याबरोबर नर्मदेत जाते.

आता ज्याने हा विचार करायचा, त्या कुमाराच्या मनाकडे वळले पाहिजे. या वयातील मुलांना पोच नसते, ती भावनेच्या भरात वाहवतात, असे वडीलधारी माणसे म्हणतात. मानसशास्त्राने या समजुतीत एक महत्त्वाची दुरुस्ती केली आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह ११ देशांतील १० ते ३० वर्षे वयाच्या ५,००० हून अधिक व्यक्तींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. शांतपणे माहिती समजून घेऊन तर्क करण्याची शक्ती सुमारे सोळाव्या वर्षी प्रौढांच्या बरोबरीला येते. आवेग आवरण्याची आणि परिणामांची जाण ठेवण्याची परिपक्वता मात्र अठराव्या वर्षानंतरही वाढतच राहते, असे त्या पाहणीत दिसले. त्याच स्टाइनबर्ग यांनी मार्गो गार्डनर यांच्याबरोबर २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मोटार चालविण्याच्या खेळात मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा अधिक धोका पत्करतात असे आढळले होते.

ग्वारीघाटाच्या संदर्भात याचा अर्थ उघड आहे. नावेत मित्रांच्या कोंडाळ्यात, पक्षी डोक्यावरून झेपावत असताना, हातात शेवेची पुडी घेतलेल्या मुलाला त्या क्षणी विचार करायला सांगणे व्यर्थ आहे. परंतु तोच मुलगा आदल्या दिवशी वर्गात किंवा घाटाच्या पायऱ्यांवर निवांत बसून विचार करू लागला, तर त्याची तर्कशक्ती प्रौढापेक्षा उणी नाही. मित्रांच्या संगतीचेही असेच आहे. खेळाच्या भरात जी संगत धाडसाकडे ढकलते, तीच संगत एखाद्या रीतीने बांधलेल्या चर्चेत एकमेकांच्या विचारांतील उणिवा दाखवू शकते.

इंग्लंडमधील शिक्षणशास्त्रज्ञांनी या दिशेने पुष्कळ काम केले आहे. मेरी रॅटक्लिफ यांनी १९९७ साली विज्ञानाशी निगडित सामाजिक प्रश्नांवर विद्यार्थी निर्णय कसा घेतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यासाठी सहा पायऱ्यांची एक रीत वापरली. पर्याय मांडणे, निकष ठरविणे, माहिती गोळा करणे, प्रत्येक पर्यायाचे गुणदोष तोलणे, निवड करणे आणि शेवटी आपल्याच निवडीचा फेरविचार करणे, अशा त्या पायऱ्या होत. पुढे मार्कस ग्रेस यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांना वन्य जीवांच्या रक्षणाचे प्रश्न देऊन लहान गटांत चर्चा करावयास लावली. ग्रेस व रॅटक्लिफ यांच्या २००२ सालच्या अभ्यासातील एक निरीक्षण चिंतनीय आहे. असे प्रश्न सोडविताना मुले वैज्ञानिक कल्पनांचा विचार करतात. परंतु त्यांच्या बोलण्यात मूल्यांचा आधार अधिक येतो. ग्रेस यांना पुढे असेही आढळले, की रीतसर चर्चा झाल्यानंतर पुष्कळ विद्यार्थी आपले पहिले उत्तर सुधारतात आणि त्यामागची कारणे अधिक नीट मांडू लागतात.

मूल्ये पुढे येतात हे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. पक्षी किती उष्मांक खर्च करतो हे विज्ञान सांगेल. त्या पक्ष्यासाठी नावाड्याने किती मिळकत सोडावी हे विज्ञान सांगणार नाही. तेथे न्यायबुद्धीच लागते. मात्र मूल्य कोणते आणि माहिती कोणती, हे ओळखता आले पाहिजे. “पक्ष्यांना शेव घालणे पाप आहे” आणि “शेव खाल्ल्याने पक्षी मासे पकडेनासे होतात” ही दोन वाक्ये एकाच सुरात उच्चारली जातात. परंतु पहिले मनाशी तोलायचे असते, तर दुसरे नदीवर जाऊन पाहायचे असते.

या सहा पायऱ्या ग्वारीघाटावर उतरवून पाहिल्या म्हणजे त्यांचे मर्म कळते. प्रथम पर्याय. बहुतेकांना दोनच सुचतात: चालले आहे ते चालू द्यावे, किंवा सक्त बंदी करावी. गटाने थोडा धीर धरला तर आणखी वाटा दिसू लागतात. शेवेऐवजी दुसरे काही अन्न ठरविता येईल काय? खाऊ घालण्याची जागा आणि वेळ मर्यादित करता येईल काय? न खाऊ घालता, थोड्या अंतरावरून पक्षी दाखविण्यासाठी नाव नेता येईल काय, आणि त्यांची माहिती सांगणाऱ्या नावाड्याला तेवढाच मोबदला मिळेल काय? तिसरी-चौथी वाट शोधण्याची ही सवयच या पायरीचे खरे फळ आहे.

नंतर निकष. पक्ष्याचे आरोग्य, नदीची स्वच्छता, गरीब माणसाची मिळकत, भाविकांच्या भावना आणि ठरविलेली गोष्ट प्रत्यक्षात पाळली जाण्याची शक्यता, असे पाच निकष सहज निघतात. यांतील कोणता वरचढ, यावर गटात मतभेद होणारच. ते झाकण्याऐवजी उघड मांडावेत. ज्याचे वडील नाव चालवितात तो मुलगा गटात असेल, तर त्याने मिळकतीचा निकष वर ठेवला म्हणून त्याला निसर्गद्रोही समजण्याचे कारण नाही. त्याच्या घराचा हिवाळ्यातील आधार ज्या निर्णयावर अवलंबून आहे, तो निर्णय ज्यांचे काहीच जाणार नाही अशा मुलांनी परस्पर घेऊन टाकणे योग्य होणार नाही.

तिसरी पायरी माहितीची, आणि हीच सर्वांत रंजक. येथे मुले केवळ पुस्तके चाळीत नाहीत. ती स्वतः मोजू शकतात. चार-पाच रविवार सकाळी घाटावर बसून त्यांनी नावा किती गेल्या, पुड्या किती विकल्या गेल्या, पायऱ्यांवर किती सापडल्या, हे टिपावे. नाव जवळ नसताना पक्षी काय करतात, पाण्यात सूर मारून मासा उचलतात की नुसते तरंगत वाट पाहतात, हेही पाहावे. पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके दिसले तर तो तपकिरी डोक्याचा कुरव, एवढे ध्यानात ठेवले तरी दोन जाती वेगळ्या मोजता येतात. जाणकारांचीही वाण नाही. ग्वारीघाटाकडे येणाऱ्या वाटेवरच पोलीपाथर येथे राज्य वन संशोधन संस्था आहे. नानाजी देशमुख यांचे नाव दिलेले पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठही जबलपुरातच असून तेथे वन्य प्राण्यांच्या आरोग्याचा अभ्यास चालतो. मात्र वहीत दोन रकाने हवेत. एकात स्वतः पाहिलेले लिहावे, दुसऱ्यात ऐकलेले. ऐकलेले सारे खोटे नसते, परंतु पाहिलेल्याच्या पंक्तीला बसण्याआधी त्याची चौकशी झाली पाहिजे.

मग तोलणे आणि निवडणे. प्रत्येक पर्यायापुढे प्रत्येक निकष मांडला की एक गोष्ट ध्यानात येते. सर्व बाजूंनी निर्दोष असा पर्याय नसतोच. सक्त बंदीने पक्ष्यांचे हित झाले तरी नावाड्याचे नुकसान होते आणि पहारा नसेल तेव्हा ती मोडली जाते. दुसरे अन्न ठरविले तर पुड्यांचा कचरा कमी होईल, पण दाटी तशीच राहील. दुरून दर्शनाची कल्पना उत्तम, पण यात्रेकरूला ती पटवून द्यावी लागेल. एखादा गट बंदीकडे झुकेल, दुसरा टप्प्याटप्प्याने बदलाकडे. दोघांनीही निवडीबरोबर आपण काय गमावीत आहोत हे लिहून ठेवले, तर ते दोन्ही निर्णय आदरास पात्र ठरतील. ज्या निर्णयात कोणाचेच काही जात नाही असे भासते, त्यात बहुधा कोणाचे तरी नुकसान मोजायचे राहून गेलेले असते.

सहावी पायरी फेरविचाराची. ती किती आवश्यक आहे, हे नर्मदेपासून दूर, महाराष्ट्रातील जुन्नरच्या अनुभवावरून कळते. पुणे जिल्ह्यातील या भागात उसाच्या शेतांत बिबटे राहू लागले होते. माणसे व बिबटे दोघांचेही भले व्हावे म्हणून २००१ च्या फेब्रुवारीपासून तेथे बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या वनांत सोडण्यात आले. वन्य पशूची जागा वनात, हा विचार कोणालाही पटण्याजोगा होता. परंतु विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळेच चित्र दिसले. स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. अनोळखी प्रदेशात सोडलेल्या बिबट्यांच्या आसपास संघर्ष घटण्याऐवजी चिघळला. हेतू शुद्ध होता, उपाय उघड वाटत होता, आणि परिणाम उलट झाला. परिणामांची नोंद कोणी ठेवली म्हणूनच तो कळला. ग्वारीघाटावरच्या मुलांनी एका हिवाळ्यात घेतलेला निर्णय पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजून पाहावा, तो याच कारणासाठी. पुन्हा मोजल्यावर मत बदलावे लागले, तर त्यात कमीपणा कसला?

पक्ष्यांना खाऊ घालण्याचा प्रश्न मुलांपुरताच आहे, असेही समजू नये. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. एका बाजूस श्वसनविकारांची भीती, दुसऱ्या बाजूस जीवदयेची परंपरा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दादरला लोक रस्त्यावर उतरले. कुरव आणि कबुतर यांची स्थिती निराळी आहे. एक हिवाळी पाहुणा, दुसरा शहराचा कायमचा रहिवासी. परंतु वादाचे रूप सारखेच होते. ज्या समाजाला अशा प्रश्नांवर शांतपणे पर्याय मांडण्याची आणि निकष ठरविण्याची सवय नसते, तेथे प्रश्न घोषणांच्या हाती जातो. ती सवय शाळेच्या वयात लागली तर पुढे उपयोगी पडेल.

ग्वारीघाटाचा विचार आणखी एका कारणाने करण्याजोगा आहे. जो जीव डोळ्यांना दिसतो, हाताजवळ येतो, त्याच्याविषयी ममता वाटते; पाण्याखाली राहणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही. नर्मदा ही महाशीर माशाची नदी. स्वच्छ, वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ त्याला मानवतो. पावसाळ्यात तो वीण करण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. तथापि जबलपूरच्या वरच्या अंगास १९९० च्या सुमारास बरगीचे धरण पूर्ण झाले, खाली इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर उभी राहिली, आणि वाहत्या नदीचे लांबच लांब भाग जलाशय बनले. एके काळी मध्य नर्मदेच्या मासळीत मोठा वाटा असलेला महाशीर त्यानंतर फार घटला. घाटावर टाकलेल्या कणकेच्या गोळ्यांनी ही हानी भरून निघणार नाही. धरणांनी शेतीला पाणी आणि घरांना वीज दिली, हेही तितकेच खरे आहे.

हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाच्या शक्तीबाहेरचा आहे, आणि तसे त्याला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पृथ्वीवरील साऱ्या जीवांचा भार किशोरांच्या खांद्यावर ठेवण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. तिने मुलांत जबाबदारीपेक्षा हतबलताच अधिक वाढण्याची भीती आहे. कोणता निर्णय आपल्या हातातील, कोणता गावाच्या, कोणता शासनाच्या, हे ओळखणे हाही विवेकाचाच भाग होय. शेवेची पुडी विकत घ्यावी की नाही, हे मुलाच्या हातात आहे. घाटावर फलक लावावा की नाही, हे शाळा, नावाडी आणि महानगरपालिका मिळून ठरवू शकतात. नदीत किती पाणी वाहते ठेवावे, हे शासनाने ठरवायचे. परंतु ज्या मुलाने पहिल्या दोन प्रश्नांवर विचार केला आहे, तो मतदार झाल्यावर तिसऱ्या प्रश्नाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहील.

रूढी बदलतच नाहीत, असा निराशेचा सूर येथे कोणी काढील. परंतु ग्वारीघाटाजवळच भटौली येथे मूर्तींच्या विसर्जनासाठी वेगळे कुंड केलेले आहे. मूर्ती नर्मदेच्या मुख्य प्रवाहात न सोडता कुंडात विसर्जित केल्याने कोणाची श्रद्धा उणावत नाही. नर्मदेला माता मानणाऱ्या माणसाला, मातेच्या अंगावर पुड्या टाकू नयेत, हे सांगण्यासाठी श्रद्धेविरुद्ध बोलावे लागत नाही. त्या श्रद्धेच्याच भाषेत बोलता येते. हे काम बाहेरून आलेल्या उपदेशकापेक्षा घाटाशेजारी वाढलेला मुलगा किंवा मुलगी अधिक चांगले करू शकेल.

कायद्याची आणि शिक्षणव्यवस्थेची चौकट तयारच आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क प्रमाणे वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. एकाच वाक्यात रक्षण आणि दया शेजारी आली आहेत, ही गोष्ट लक्षणीय होय. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या योजनेखाली शाळाशाळांतून निसर्गमंडळे निघाली. उणीव आहे ती निराळीच. पुष्कळ ठिकाणी या शिक्षणाचे रूप भित्तिचित्रे, घोषणा आणि निबंधस्पर्धा एवढेच राहते. निबंधात काय लिहायचे हे मुलाला आधीच ठाऊक असते, आणि गुणही त्यालाच मिळतात.

म्हणून शिक्षकाची जबाबदारी येथे नाजूक आहे. उत्तर मनाशी ठरवून चर्चा घेतली तर मुले ते चटकन ओळखतात आणि शिक्षकाला जे हवे ते बोलून मोकळी होतात. त्याउलट, कोणतेही मत चालते असे म्हणून सोडून दिले तर माहितीला किंमत उरत नाही. शिक्षकाने वस्तुस्थितीच्या बाबतीत काटेकोर राहावे आणि निवडीच्या बाबतीत संयम पाळावा. अल्पमतात राहिलेल्या विद्यार्थ्याची कारणे नोंदवून घ्यावीत, कारण पुढच्या हिवाळ्यात तीच खरी ठरण्याचा संभव असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांनी काढलेला निष्कर्ष कोणीतरी ऐकावा. नावाड्यांबरोबर एक बैठक, महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडलेली मोजणीची वही, घाटावर मुलांनी यात्रेकरूंशी केलेली बोलणी, एवढे जरी झाले तरी आपला विचार केवळ वर्गापुरता नव्हता, हे त्यांना जाणवेल. ज्या निर्णयाचे पुढे काहीच होत नाही, तो मनापासून घेण्याचे मुलांना कारण उरत नाही.

थंडी ओसरू लागली की कुरवांच्या डोक्यांवर गडद रंग चढू लागतो आणि एके दिवशी नर्मदेचे पात्र त्यांच्यावाचून मोकळे दिसते. त्यांना परतीची वाट दाखविण्याची गरज नसते. ती त्यांना ठाऊक असते. माणसाच्या मुलाला मात्र भूतदयेपासून विवेकापर्यंतची वाट कोणीतरी सोबत करूनच चालवावी लागते. ती सोबत घरात, शाळेत आणि घाटावर मिळाली, तर पुढच्या हिवाळ्यात नावेत बसलेला एखादा मुलगा पुडी फोडण्यापूर्वी क्षणभर थांबेल. थांबून तो काय ठरवील, हे इतरांनी आधीच ठरवून ठेवण्याचे कारण नाही. त्याने पक्ष्याचा, नावाड्याचा आणि नदीचा विचार केला असेल, एवढा विश्वास वाटला म्हणजे पुरे.